दहावं, सातबारा आणि मार्चअखेर : नाशिकमधल्या एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब नाशिकरोडच्या जेलरोड भागात राहतं. ओळख कळू नये म्हणून वयं आणि काही तपशील बदलले आहेत. माणसांना नावांऐवजी नात्यातली संबोधनं दिली आहेत.

नाना 74 वर्षांचे, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त. माई त्यांच्या पत्नी, वय 68. एकुलती एक मुलगी ताई, वय 44, शिक्षिका. घटस्फोट झाल्यावर त्या माहेरी आल्या, त्याला सहा वर्षं झाली होती. नानांचे थोरले भाऊ बऱ्याच वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या पत्नीला इथं मोठ्या आई म्हणू या आणि त्यांच्या मुलाला दादा. दादा पन्नाशीचे. निफाड तालुक्यातल्या गावी आईसोबत राहून द्राक्षबाग पाहतात. जमीन वडिलोपार्जित, खातं सामाईक. थोरल्या भावानंतर मोठ्या आई आणि दादांची नावं सातबाऱ्यावर लागली, पण दोन्ही घरांत वाटप कधी झालं नाही.

वाटप राहिलं ते भांडणामुळे नव्हे. नानांना पेन्शन होती, बागेत राबायला त्यांना कधी सवड मिळाली नाही आणि दादांनी बाग मनापासून सांभाळली. हंगाम संपत आला की नाना गावी जायचे आणि गहू, बाजरी, द्राक्षांच्या दोन-चार पेट्या घेऊन यायचे. हिशोब असा कुणी मागितला नाही. दरवर्षी मार्चच्या सुमाराला दादा काही कागद घेऊन यायचे आणि नाना चहा पिता पिता त्यांवर सह्या करायचे. ते कागद कसले, हे माईंना किंवा ताईंना कधी विचारावंसं वाटलं नाही.

जानेवारीच्या शेवटी, ऐन खुड्यात, म्हणजे द्राक्षं तोडण्याच्या दिवसांत, नाना पहाटे हृदयविकाराने गेले. ताईंच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला चौथ्या दिवशी फोन केला. मी कुटुंब समुपदेशनाचं काम करते. फोनवरचं वाक्य होतं, "तिचे वडील गेलेत आणि घरात कुणी कुणाशी बोलत नाहीये."

पेच

पहिल्या चार दिवसांत तीन गोष्टी घडल्या होत्या.

अमरधामात अग्नी दादांनी दिला. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं. गावाहून आलेल्या एका वडीलधाऱ्यांनी "मडकं पुतण्याच्या हातात द्या" म्हटलं, ते दिलं गेलं. ताई चार पावलं मागे बायकांमध्ये उभ्या होत्या. नानांची इन्सुलिनची वेळ, दवाखाना, रात्रीची जाग, हे सगळं सहा वर्षं त्यांनी केलं होतं. मला त्या म्हणाल्या, "मला रडूसुद्धा आलं नाही. मी फक्त बघत होते की माझी जागा कुठं आहे."

दुसरी गोष्ट चौथ्या दिवशीची. भेटायला आलेल्या नातेवाइकांसमोर मोठ्या आई बोलून गेल्या, "तेराव्याच्या आत हक्कसोड करून टाका, मागे कटकट नको." हक्कसोड म्हणजे जमिनीतला आपला हिस्सा लेखी सोडून देणं. ताईंनी लगेच दोन टोकं जोडली. अग्नी यांनी दिला, आता जमीनही यांचीच. त्या उठून आत गेल्या. दादा त्या वेळी खोलीत नव्हते, बागेत परतले होते. ताईंच्या लेखी हाही पुरावाच ठरला: वडील जाऊन चार दिवस नाही झाले आणि यांना द्राक्षं सुचतात.

तिसरी गोष्ट दहाव्याची. दहाव्याला माईंचं मंगळसूत्र, बांगड्या आणि कुंकू काढायचं, हे गावाकडच्या बायकांनी गृहीत धरलं होतं. ताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या आईचं काहीही काढायचं नाही." 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं, हे त्यांना पाठ होतं. मुद्दा त्यांचा बरोबर होता. माई मात्र त्या वेळी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांना कुणीच काही विचारलं नव्हतं. गावाकडच्या बायकांनीही नाही, ताईंनीही नाही.

पहिल्या भेटीनंतर माझ्या मनात एवढंच स्पष्ट होतं की अग्नी, जमीन आणि माईंचं सौभाग्यलेणं या तीन प्रश्नांचा एकच गुंता झाला आहे आणि तो सोडवायला हाताशी दहाव्यापर्यंतचेच दिवस आहेत. आपल्याकडे माणूस गेल्यावर सगळ्यांत मोठे निर्णय सगळ्यांत कमी झोपेत घेतले जातात. सुतकाच्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं, प्रत्येकाजवळ एक सल्ला असतो आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांना दोन मिनिटं एकटं बसता येत नाही.

समोरचे पर्याय

जमिनीपासून सुरुवात केली, कारण तिथं भावना बाजूला ठेवून बोलायला कायदा हाताशी होता. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 चा. मृत्युपत्र नसेल तर पुरुषाची मालमत्ता पहिल्या वर्गाच्या वारसांकडे जाते. पत्नी आणि मुलगी दोघीही त्यात येतात. पुतण्या दुसऱ्या वर्गात येतो आणि पहिल्या वर्गातलं एक जरी माणूस असलं तरी त्याच्याकडे काही जात नाही. शिवाय 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. मुलीचं लग्न झालं, मोडलं, ती कुठं राहते, याने त्यात फरक पडत नाही. थोडक्यात, नानांच्या बाजूचा निम्मा हिस्सा माई आणि ताई या दोघींचा होता. अग्नी कुणी दिला, पिंड कुणी पाडला, याचा या कायद्यात कुठंही संबंध येत नाही.

हे ऐकून ताई खूप वेळ गप्प बसल्या. पिंड देईल तो वारस, ही समजूत आपल्या मनात इतकी खोल आहे की शिकलेल्या, कमावत्या बाईलाही ती आपल्या मनात आहे हे कळत नाही. दहाव्याला नातेवाईक वारसाला टोपी-उपरणं घालतात. बघणाऱ्यांना त्यात मालकी दिसते.

जमिनीबाबत तीन वाटा होत्या. हक्कसोडपत्र करून मोकळं व्हायचं. किंवा लगेच वाटप मागायचं, म्हणजे मोजणी, हद्दी, ऐन हंगामात बागेच्या मधोमध खुणा. किंवा आधी फक्त वारस नोंद करून घ्यायची, बाग एक-दोन हंगाम आहे तशी दादांनी कसायची आणि वाटपाचं नंतर बोलायचं. ताईंचा कल दुसऱ्या वाटेकडे होता. माई म्हणाल्या, "सह्या करून टाक बाई, मला भावकी तोडायची नाही." तिसरी वाट दोघींनाही सुरुवातीला पळवाट वाटली.

दहाव्याला कोण बसणार, यातही पर्याय होते. दादांनीच पुढचं सगळं करायचं, कारण अग्नी त्यांनी दिला. ताईंनी सगळं हातात घ्यायचं. किंवा दोघांनी मिळून बसायचं. यासाठी ताईंनी घरच्या तीर्थोपाध्यायांना फोन करावा, असं मी सुचवलं. भावकीत वाद घालून जे मिटलं नसतं ते त्यांनी दोन वाक्यांत मिटवलं. मुलगा नसेल तर पत्नीला आणि मुलीला अधिकार आहे, आमच्याकडे मुली बसतात, तुम्ही बसा. पुतण्याला शेजारी बसू द्या, त्यालाही काका होते.

काय केलं

एकच नियम ठरवला: तेराव्यापर्यंत कुठल्याही कागदावर सही नाही आणि घाटावर जमिनीबद्दल कुणीही कुणाला शब्द द्यायचा नाही. ताईंना तो लगेच पटला. दादांना तो सांगायला मात्र गावी जावं लागलं, आणि या प्रकरणाचं खरं वळण त्या भेटीत आहे.

दादा बागेतच भेटले. शर्टाच्या खिशात खुड्याची कात्री, कडेला क्रेटची थप्पी, पलीकडे व्यापाऱ्याचा माणूस माल पाहून घड बाजूला काढत होता. खुडा चार दिवस लांबला तर साखर वाढते, मणी मऊ पडतात आणि भाव उतरतो. या माणसाला चौथ्या दिवशी बागेत का यावं लागलं, हे तिथं उभं राहिल्यावर कुणालाही समजलं असतं. ताईंनी ते पाहिलं. बोलल्या काही नाहीत.

हक्कसोडीची एवढी घाई का, हे मी विचारलं तेव्हा दादा थोडे चिडले. मग म्हणाले, "मला जमीन नको हो कुणाची. मार्चअखेर आलीय. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायचंय. दरवर्षी नानांचं संमतीपत्र लागायचं. आता कुणाची सही घेऊ? ताई माझ्याकडं बघतसुद्धा नाही."

नाना चहा पिता पिता ज्यांवर सह्या करायचे ते कागद हेच. सामाईक खात्यावर पीककर्ज घ्यायचं तर इतर हिस्सेदारांची संमती लागते. ते वेळेत नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून नवं, झालं नाही की खातं थकीत होतं, व्याजाची सवलत जाते आणि एप्रिलच्या खरडछाटणीला, म्हणजे हंगामानंतर वेली छाटायला, हातात पैसा राहत नाही. मोठ्या आईंनी "हक्कसोड" म्हटलं, कारण सही मिळवण्याची तेवढी एकच रीत त्यांना माहीत होती. गावात बहिणींच्या सह्या अशाच घेतल्या जातात. माझ्या मते इथं लोभ होता असं म्हणणं अन्यायाचं होईल, पण सवय नक्की होती, आणि या सवयीने कितीतरी बहिणींचे हक्क गेले आहेत. ताईंना राग यायलाच हवा होता. त्यांचा राग योग्य होता आणि दादांची अडचणही खरी होती. दोन्ही एकदम मान्य करायला दोघांनाही त्या बांधावर बराच वेळ लागला.

मग तिसरी वाट पळवाट राहिली नाही. ताईंच्या वकिलांनी सांगितलं की हक्कसोड करायची तरी आधी वारस म्हणून नाव लागलेलं बरं, म्हणजे घाईने काहीच साधत नव्हतं. वारसाने तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला, अर्ज, वारसांचं प्रतिज्ञापत्र दिलं की फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, धरला जातो, नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. लगेच अर्ज दिला तर मार्चअखेरच्या आत माई आणि ताई संमतीपत्र देऊ शकत होत्या. दादांनी स्वतः सांगितलं, "अर्ज मीच नेऊन देतो."

नावाचा प्रश्न याच अर्जात निघाला. ताईंच्या आधारवर सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं, घटस्फोटाच्या हुकुमात दोन्ही. सातबाऱ्यावर कुठलं लावायचं? सहा वर्षं हा निर्णय त्या पुढे ढकलत होत्या, कारण आडनाव बदलायचं म्हणजे प्रत्येक खिडकीवर घटस्फोट सांगायचा. त्यांनी माहेरचं नाव लावायचं ठरवलं आणि राजपत्रात नावबदलाची जाहिरात दिली. नोंद होईपर्यंत प्रतिज्ञापत्रावर काम भागलं.

माईंबद्दल मी ताईंना एवढंच म्हटलं की तुम्ही आईच्या बाजूने बोललात, आता आईला बोलू द्या. आठव्या दिवशी माई, ताई आणि मोठ्या आई अशा तिघी एका खोलीत बसल्या. सुरुवातीला कुणी बोलेना. मग मोठ्या आईच म्हणाल्या, "माझ्या वेळी मला कुणी विचारलं नाही. ओट्यावर बसवलं आणि बांगड्या फोडल्या. हिला विचारायचंय म्हणता, विचारा."

ताईंनी आजवर मोठ्या आईंना प्रथा लादणारी बाई म्हणूनच पाहिलं होतं. प्रथा जिच्यावर लादली गेली तीच ही बाई आहे, हे त्यांना त्या दिवशी कळलं. माईंनी सांगितलं ते दोन्ही बाजूंना अपेक्षित नव्हतं. मंगळसूत्र त्या स्वतः काढणार होत्या, आपल्या खोलीत, कुणी नसताना. "ते त्यांनी घातलं होतं, आता मला ते जड वाटतं." बांगड्या आणि टिकली मात्र राहणार होती. "त्या मी लहानपणापासून घालते. त्यांचा यांच्याशी काय संबंध?" ताईंना मंगळसूत्र काढणं पटलं नाही. त्यांनी विरोध केला नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातली त्यांची ही सगळ्यांत अवघड कृती होती.

रामकुंडावर

दहाव्याला ताई बसल्या, दादा शेजारी. मुंडण दादांनी केलं. उपाध्यायांनी घराण्याची वही काढली. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी अशा वह्या पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या असतात. कोण कधी आलं, कुणाच्या कार्याला आलं, घरात कोण कोण, याच्या नोंदी, बऱ्याचदा येणाऱ्याच्याच हस्ताक्षरात. नानांनी वडिलांच्या वेळी केलेली नोंद तीत होती. खाली भाऊ, पुतण्या अशी नावं, बायकांचं एकही नाही. ताईंनी नवी नोंद लिहिली. त्यात आईचं नाव लिहिलं, मोठ्या आईंचं लिहिलं, दादांच्या मुलीचंही लिहिलं.

पिंड ठेवल्यावर कावळा शिवेना. वेळ जाऊ लागला तशी कुजबूज सुरू झाली आणि एका नातेवाइकाने ताईंना मोठ्याने सांगितलं, "बोल, जमीन घराबाहेर जाणार नाही म्हणून बोल. जीव तिथंच अडकलाय." कित्येक घरांत नेमक्या या क्षणी, दीडशे माणसांसमोर, बायका आयुष्यभराचे शब्द देऊन बसतात. गेलेल्या वडिलांची इच्छा अडली आहे म्हटल्यावर कुठली मुलगी नाही म्हणेल? इथं नियम आधी ठरला होता. ताई हात जोडून एवढंच म्हणाल्या, "नाना, दादाला एकटं पाडणार नाही." जमिनीचा उल्लेख नाही. दादांनी त्या नातेवाइकाला हाताने थांबवलं. कावळा आला नाहीच. उपाध्यायांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी पुढे गेला. शास्त्रात त्याची सोय आहे, हे तिथल्या बऱ्याच जणांना त्या दिवशी समजलं.

निष्पत्ती

वारस नोंद मार्चमध्ये प्रमाणित झाली. संमतीपत्रं वेळेत गेली, कर्ज नवं-जुनं झालं. बाग दादांनीच कसायची, खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्नातला ठरलेला हिस्सा माईंच्या खात्यात टाकायचा आणि दोन हंगामांनी वाटपाचं पाहायचं, असं साध्या कागदावर लिहून चौघांनी सह्या केल्या.

पहिल्या हंगामाचा आकडा ताईंच्या अंदाजाच्या निम्मासुद्धा निघाला नाही. औषधं, मजुरी, खतं, व्यापाऱ्याकडे अडकलेले पैसे. इथं पुन्हा ठिणगी पडली असती. दादांनी न मागता हिशोबाची वही जेलरोडला आणून ठेवली आणि ताईंनी ती दोन संध्याकाळ बसून वाचली. काही खर्चांवर प्रश्न विचारले. दोन नोंदींची पावती मिळाली नाही. ते दादांना झोंबलं, तरी उत्तरं त्यांनी दिली.

माई टिकली लावतात. गावाकडच्या एका लग्नात त्यांना हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही, आणि त्या उठून घरी आल्या. सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. मोठ्या आई ताईंशी जुजबी बोलतात. सातबाऱ्यावर दोन नवी नावं लागली, हे त्यांना अजून पचलेलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

नानांना मधुमेह होता, दोनदा दवाखान्यात राहून आले होते. अग्नी कुणी द्यावा, दहाव्याला कोण बसावं, जमिनीचं काय, हे ते स्वतः सांगू शकले असते. विषय काढणं अशुभ मानलं गेलं. मृत्युपत्र झालं असतं तर बरंच, पण साधं बोलणं झालं असतं तरी ताईंवर चार पावलं मागे उभं राहण्याची वेळ आली नसती. अग्नीचा तो निर्णय परत फिरवता येत नाही. दहाव्याने त्याची भरपाई झाली, असं ताई मानत नाहीत आणि कुणी त्यांना तसं मानायला सांगूही नये.

संमतीपत्राचा कागद घरातल्या बायकांना माहीत असता तर निम्मा गैरसमज झालाच नसता. सामाईक खातं असलेल्या घरांत ही गोष्ट मी आता आवर्जून विचारते: वर्षातून एकदा कुणाची सही कशावर होते आणि ती का लागते?

या प्रकरणात सगळ्यांत उशिरा बोललं गेलं ते मोठ्या आईंशी. त्यांच्या एका वाक्याने वाद पेटला म्हणून सगळ्यांनी त्यांना टाळलं. खरं तर बागेचं कर्ज, विधवापण आणि घरातल्या थोरल्या सुनेची जागा, या तिन्हींचा भार सगळ्यांत जास्त वर्षं त्यांनीच वाहिला होता. मंगळसूत्राच्या बैठकीत त्यांना ऐकून घेतलं गेलं, जमिनीच्या बैठकीत मात्र फक्त सहीला बोलावलं. आजचा दुरावा त्यातून आला आहे, असं मला वाटतं.

येता हंगाम संपला की मोजणीचा अर्ज करायचा, खर्च निम्मा-निम्मा, असं दादा आणि ताईंचं बोलणं झालं आहे. त्याआधीच्या बैठकीला मोठ्या आई सुरुवातीपासून असाव्यात, हा आग्रह माईंचा आहे, आणि ते सांगायला त्या एकट्या गावी जाणार आहेत.